बिनविरोध खुनी

गेवराईहून तलवाड्याकडे जाताना एक फाटा लागतो. त्या फाट्यावरून आत गेलं की हिवरटाकळी हे गाव येतं. या गावातल्या वनमालाबाईंना दोन सवयी होत्या. एक, ऋतूप्रमाणे नखं रंगवणं आणि दुसरी, रहस्यकथा वाचणं. ही बाब वरिष्ठांच्या निदर्शनास येईपर्यंत या सवयींनी कोणाचंही काही बिघडलं नव्हतं. त्यानंतर काय बिघडलं, त्याचा हा तपशील आहे.

नखांचं असं होतं. मृगाचा पेरा आटोपला की मोरपंखी. गौरी बसल्या की राणी. हुरडा सुरू झाला की पोपटी. आणि विहिरीनं तळ गाठला की अगदी फिका, लावून न लावल्यासारखा गुलाबी. वर्षभर एकच रंग लावणं म्हणजे वर्षभर एकच भाजी खाणं, असं बाईंचं मत होतं आणि ते त्यांनी कोणावर लादलं नव्हतं. गेवराईच्या बाजारात बांगड्यांच्या गाड्यावर या बाटल्या मिळत. बाई तिथं उभ्या राहून उन्हात रंग धरून बघत आणि मग घेत.

रहस्यकथेचा संबंध नखं वाळण्याशी होता. ओल्या नखांच्या बाईला कोणी काम सांगत नाही, हा शोध त्यांना लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी लागला. त्यांचे यजमान बिभीषणराव दुपारी ओसरीवरून चहा मागत. बाई आतून दहाही बोटं दाखवत. बिभीषणराव थोडा वेळ त्या बोटांकडे पाहत आणि उठून स्वतः गॅस पेटवत. ते चांगले गृहस्थ होते, फक्त इतकी वर्षं कोणी त्यांना थांबवलं नव्हतं. पुस्तक जाड असलं तर बाई दुसरा हात मारत. खून लांबला तर तिसरा. पानं त्या लाटण्याच्या टोकानं उलटत.

शेवटचं पान आधी उघडायचं नाही, हा त्यांचा नियम होता. घरात कोण कधी काय बोलणार, सून कोणत्या शब्दावर फुगणार, दीर कोणत्या वाटणीवर येणार, हे बाईंना तोंड उघडायच्या आधीच ठाऊक असे. पुढे काय होणार हे ठाऊक नसण्याची जागा त्यांच्या आयुष्यात ती एकच होती. आपला अंदाज चुकला की त्यांना फार आनंद होई. असा आनंद माणसाला का होतो, याचं उत्तर शासनाकडे नाही आणि ते असू नये.

गावात 'लोकजागृती सार्वजनिक वाचनालय' होतं. त्यात पुस्तकं होती, वर्तमानपत्रं होती आणि हंगामात सोयाबीनची पोती होती. ग्रंथपाल राधाकिशन पोत्यांवर बसून वर्तमानपत्रं वाचे. वाचनालयाचे अध्यक्ष रविराजभैय्या हे गावचे तरुण नेते होते. फाट्यापासून गावापर्यंत प्रत्येक खांबावर त्यांचा हात जोडलेला फोटो होता, म्हणून त्यांना वाचनालयात येण्याची गरज पडत नसे. प्रत्यक्ष पुस्तक घेऊन जाणारी व्यक्ती एकच, वनमालाबाई. तपासणीला साहेब आले की बाईंना जीपमधून आणून खुर्चीवर बसवत आणि साहेब वहीत 'वाचकांची उपस्थिती समाधानकारक' असं लिहून जात.

त्या वर्षी ऐन हुरड्यात वरून परिपत्रक आलं. प्रत्येक वाचनालयानं 'वाचन समृद्धी सप्ताह' साजरा करावा, वाचकांची सर्वाधिक पसंती असलेलं पुस्तक सामूहिकरीत्या वाचावं आणि दररोजचे फोटो ठिकाणासह अपलोड करावेत. जे वाचनालय असं करणार नाही त्याचं वाचन झालं नाही असं समजण्यात येईल.

राधाकिशननं कपाट उघडलं. सर्वाधिक पसंती म्हणजे सर्वाधिक शिक्के, आणि शिक्के फक्त रहस्यकथांवर होते. त्यातही 'खिडकीआडचा खोकला' या पुस्तकाच्या, कपाटात राहिलेल्या कार्डावर सगळ्यात जास्त, कारण ते बाईंकडे होतं आणि मुदत वाढवून वाढवून त्यांनी ते चवीनं पुरवून चालवलं होतं. राधाकिशन पुस्तक आणायला गेला तेव्हा बाई ओट्यावर पोपटी बोटं पसरून बसल्या होत्या.

"वहिनी, पुस्तक द्या. सरकारी काम हाय."

"शेवटचं परकरण राह्यलंय. तेवढं होऊ द्या, मंग न्या."

"आवं, सप्ताहात वाचायचंच हाय ते. समद्या गावासंगं तुमालाबी कळंल की खुनी कोन ते."

"मला गावासंगं न्हाई कळून घ्यायचं. मला माझं माझं कळून घ्यायचंय."

राधाकिशनला हा मुद्दा समजला नाही. परिपत्रकात तो नव्हता. बाईंची नखं ओली होती, त्यामुळे त्यांना पुस्तक धरून ठेवता आलं नाही. लाटणं मात्र खुणेसाठी पुस्तकात होतं, तेही पुस्तकासोबत गेलं आणि संध्याकाळी पोळ्यांच्या वेळी परत मागवावं लागलं.

आता सामूहिक वाचन कसं करतात, हे हिवरटाकळीत कोणाला विचारायची गरज नव्हती. गावानं आजवर एकाच प्रकारचं सामूहिक वाचन पाहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी मारुतीच्या पारावर मांडव पडला. चार दिशांना चार कर्णे लागले. प्रत्येक दिवसाच्या पंगतीचा मानकरी ठरला. रविराजभैय्यांच्या फोटोखाली 'भव्य रहस्यकथा वाचन सप्ताह' असा फ्लेक्स चढला. पुस्तक कोऱ्या कापडात गुंडाळून डोक्यावरून आणण्यात आलं आणि चौरंगावर ठेवण्यात आलं. वाचनाला धर्मापुरीहून रामप्रसाद महाराजांना बोलावलं, कारण त्यांचा आवाज कर्ण्याशिवायही शिवारात जात असे.

महाराजांनी हात जोडून पहिलं वाक्य वाचलं: "महाबळेश्वरच्या बंगल्यात त्या दुपारी शेठजींना खोकला आला." मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि चष्मा काढला.

"शेठजींना खोकला आला. आता खोकला म्हंजे काय? खोकला कुनाला येतो? ज्याच्या छातीत काई अडकलंय त्याला. आन माझ्या मायबापांनो, छातीत काई अडकलेलं न्हाई असा एक तरी मानूस या मांडवात हाय का?"

मांडवातले सगळे खोकले. पहिला दिवस खोकल्यावर गेला. दुसऱ्या दिवशी खिडकी आली आणि ती उघडी होती की बंद यावर दोन मतं पडली. शेठजी मेले तेव्हा बायांनी पदर डोळ्यांना लावले. शेठजींच्या सुतकात बुंदी कशी वाढायची, असा प्रश्न पंगतीत निघाला. शेठजी आपल्या भावकीतले नाहीत असा निर्वाळा महाराजांनी दिल्यावरच पानं वाढली गेली.

वनमालाबाईंची पंचाईत वेगळीच होती. कर्णा त्यांच्या घरावरच रोखलेला होता. वाचलेल्या प्रकरणांची त्यांना हरकत नव्हती, पण वाचन शेवटाकडे सरकू लागलं तसे त्यांनी कानात बोळे घातले. कापूस घरचाच होता. त्या दिवसांत बिभीषणराव काहीही बोलले तरी बाई "हूं" म्हणत. बिभीषणरावांना आपल्याशी कोणी इतकं सहमत असण्याची सवय नव्हती आणि ते गप्प गप्प राहू लागले.

अडचण पुतण्यापासून सुरू झाली. पुस्तकात शेठजींना एक पुतण्या होता. तो खुनाच्या दिवशी बंगल्याच्या मागच्या दारानं आला होता आणि त्याच्या बुटाला चिखल होता. महाराजांनी चिखलाचं वर्णन वाचलं आणि मांडवातल्या सगळ्या माना हळूच पहिल्या रांगेकडे वळल्या. पहिल्या रांगेत सोफ्यावर रविराजभैय्या बसले होते. भैय्या अभिमन्यूअण्णांचे पुतणे होते. अण्णा गावचे जुने नेते. दोघांचं बोलणं बंद होतं आणि दोघांचे फ्लेक्स एकमेकांकडे पाठ करून उभे होते. आमच्याकडे पुतण्या हे नातं नसून पद आहे, हे बाहेरच्या लेखकाला काय ठाऊक.

भैय्या उठून उभे राहिले. माईकचा प्लग आपोआप निघाला.

"हे कावून चाललंय, म्हाराज?" भैय्या शांतपणे म्हणाले. "समद्या गावापुढं पुतण्यावर संशय? ह्यो लेखक अण्णांचा मानूस हाय."

"भैय्या, लेखक वारून लई वर्सं झाली," राधाकिशन म्हणाला.

"मंग अण्णांचा जुना मानूस हाय."

लगेच तिथंच ठराव मांडण्यात आला की सदर पुस्तकातील पुतण्या हा निर्दोष असून त्याच्या बुटाचा चिखल हा शेतातील आहे. सूचक आणि अनुमोदक यांची नावं कर्ण्यावरून वाचली गेली. भैय्यांनी पुतण्याच्या वतीनं सत्कार स्वीकारला, शाल घेतली, फोटो निघाला आणि अपलोड झाला.

पुतण्या सुटला तसा संशय आचाऱ्यावर आला. कारण शेठजींच्या दुधात काहीतरी होतं आणि दूध आचाऱ्यानं दिलं होतं. मांडवामागे कढईत झारा फिरवत असलेला बजरंग झारा घेऊनच पुढे आला. बजरंग तालुक्यातल्या आचारी संघटनेचा अध्यक्ष होता. सप्ताहाच्या सगळ्या पंगती त्याच्याकडे होत्या.

"महाराज, एकच सांगतो," बजरंग म्हणाला. "आचारी खुनी निघाला तर उद्याची पंगत उठनार न्हाई. आज पुस्तकातल्या दुधावर संशय घेताल, उद्या आमच्या वरनावर घेताल. लग्नसराई तोंडावर आलीय आमची."

महाराजांनी झाऱ्याकडे पाहिलं आणि आचारी निर्दोष असल्याचं वाचून दाखवलं. पुस्तकात तसं नव्हतं, पण त्यांचा आवाज असा होता की ते असावं असं वाटलं. यानंतर रांगच लागली. पुस्तकातला डॉक्टर संशयित ठरताच गावातल्या डॉक्टरनं दवाखान्याला कुलूप लावलं. ड्रायव्हरवर वेळ आली तेव्हा काळ्या-पिवळ्या जीपवाल्यांनी फाट्यावर चक्का जाम केला. विधवा मेहुणी राहिली होती, पण तिच्यासाठी महिला बचत गट पारावर येऊन बसला आणि मेहुणीला शिलाई मशीन मिळालं पाहिजे अशी मागणी झाली. पुस्तकातली मांजर तेवढी उरली. तिचं नाव कोणी घ्यायच्या आत महाराजांनी स्वतःहून तिला सोडून दिलं.

अशा रीतीनं शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी परिस्थिती अशी होती की खून झाला होता, संशयित सगळे सत्कारासह निर्दोष होते आणि एक प्रकरण वाचायचं राहिलं होतं.

तेव्हा शांतता समितीची तातडीची बैठक वाचनालयात झाली. पोती बाजूला सारून खुर्च्या टाकल्या. बीटचे जमादार हरिबा चौकीवरून मुद्दाम आले. त्यांनी चौरंगावरून आणलेलं पुस्तक उचललं, शेवटचं प्रकरण न बघता चिमटीत धरलं आणि टाके उसवून वेगळं काढलं.

"यात खुन्याचं नाव हाय," ते म्हणाले. "म्हंजे यातनं भावना दुखावनार. कायदा सुव्यवस्थेचा परश्न हाय. पुस्तक जप्त आन हे सीलबंद."

प्रकरण पाकिटात गेलं, पाकिटावर लाख पडली. आत काय आहे हे कोणी वाचलेलं नव्हतं आणि वाचल्याचा संशय नको म्हणून हरिबांनी सील करताना डोळे मिटले होते. पण उद्या काला होता. महाप्रसाद होता. खुनी न निघता महाप्रसाद कसा वाढायचा?

"खुनी बिनविरोध काढू," भैय्या म्हणाले. "गावाची परंपराच हाय ती. सोसायटी बिनविरोध, डेअरी बिनविरोध. खुन्यावरून कावून भांडायचं?"

"पर कोन?" बजरंग म्हणाला.

"ज्याच्यामागं कोनी न्हाई असा बघा."

सगळे विचार करू लागले. ज्याच्यामागे कोणी नाही असा माणूस शोधणं फार कठीण निघालं. माळ्यांची संघटना होती. रखवालदारांची नुकतीच फुटून तिच्या दोन झाल्या होत्या. शेठजींनी स्वतःच जीव दिला असं म्हणावं, तर व्यापारी मंडळानं शेठजींच्या बदनामीवरून बाजार बंद ठेवला असता. कोणीतरी लेखकाचं नाव सुचवलं, पण मेलेल्या माणसाच्या जयंत्या निघतात, धोका नको, असं ठरलं. मग पोत्यावर बसलेला राधाकिशन म्हणाला, "वाचक?"

सगळ्या खुर्च्या पोत्याकडे वळल्या.

"वाचकांची संघटना हाय का?" भैय्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मोर्चा काढत्यात का कधी?"

"वाचक व्हय? घरातनं भाईर येत न्हाईत त्ये."

"मतं किती?"

"आपल्या गावात एक."

भैय्यांनी हरिबांकडे पाहिलं. हरिबांनी महाराजांकडे. महाराज म्हणाले की यात अर्थही खोल आहे, वाचकानं पुस्तक उघडलं नसतं तर शेठजी जिवंतच राहिले असते. ही गोष्ट सगळ्यांना पटली. दुसऱ्या दिवशी काल्याच्या वेळी कर्ण्यावरून जाहीर झालं की 'खिडकीआडचा खोकला' या पुस्तकातील खून वाचकानं केलेला आहे. टाळ्या पडल्या. बुंदी चांगली झाली होती. वनमालाबाई त्या वेळी दूर गोदावरीच्या अंगाला असलेल्या आपल्या रानात बसल्या होत्या, कानात कापूस घालून. आज समारोप म्हणजे आज शेवट, एवढंच त्यांना ठाऊक होतं आणि तो शेवट वाऱ्यावर यायला नको, म्हणून त्या सकाळीच निघून गेल्या होत्या.

गावापुरतं प्रकरण इथं मिटलं होतं. पण समारोपाचा अहवाल अपलोड झाला होता आणि वर कोणीतरी तो वाचला. वाचला म्हणजे त्यातला एक शब्द वाचला. वरून उलट टपाली आदेश आला: आपल्या कार्यक्रमादरम्यान खून उघडकीस आला असून खुनी निष्पन्न झाल्याचं दिसून येतं, तरी संबंधित वाचकावर काय कार्यवाही केली याचा अहवाल तात्काळ सादर करावा.

हरिबा आदेश घेऊन भैय्यांकडे गेले.

"चुकून झालंय असं कळवू का?" ते म्हणाले.

"चुकून कसं? समद्या गावानं ठराव केलाय. फोटो हायेत. चुकलं म्हनलं तर सप्ताहच खोटा ठरंल."

"पर प्रेत कुठं हाय, भैय्या?"

"पुस्तकात."

"आन पुस्तक?"

"तुमीच जप्त केलंय की."

"मंग प्रेत ताब्यात हाय म्हनायचं," हरिबा म्हणाले आणि त्यांना जरा हलकं वाटलं.

ते वनमालाबाईंच्या घरी आले तेव्हा बाई ज्वारी निवडत होत्या. पुस्तक गेल्यापासून त्यांनी नखांना हात लावला नव्हता. पोपटी रंग टवके उडून अर्धा राहिला होता. वाळायला बसायचं, तर वाचायला काही नव्हतं, नुसतं बोटं पसरून बसणं त्यांना वेडेपणाचं वाटे. दुपारचा चहाही पुन्हा त्याच करू लागल्या होत्या. बिभीषणरावांच्या सगळं लक्षात येत होतं. त्यांनी एकदा आपणहून गॅसजवळ जाऊन पाहिलं, पण बाईंनी पातेलं आधीच चढवलेलं होतं.

हरिबांनी सगळं सांगितलं. बिभीषणराव हादरले.

"जमादारसाहेब, आमच्या मंडळीनं जन्मात मुंगी मारली न्हाई हो! महाबळेश्वर तर तिनं बघितलंबी न्हाई!"

"ते मला म्हाईत हाय, भाऊ. पर वाचक कोन, असं वर इचारलं तर मी कुनाचं नाव सांगू? गावात दुसरा हाय का?"

बिभीषणरावांनी गाव आठवून पाहिलं. दुसरा नव्हता.

पंचनामा सुरू झाला. आरोपीच्या नखांवर पोपटी रंग आढळला. सदर रंग रक्ताच्या रंगाशी जुळत नाही, तथापि तो का लावला याचा समाधानकारक खुलासा आरोपी देऊ शकली नाही. आवडतो म्हणून लावला, असं आरोपीचं म्हणणं. आवडण्याचं कारण विचारता, कारण नाही, असं म्हणणं. हरिबांनी 'संशयास्पद' असा शेरा मारला. कलमाची जागा त्यांनी मोकळी सोडली, ती वरून भरून येणार होती.

बाई आतापर्यंत निवडलेली ज्वारी सुपात पाखडत होत्या. त्या थांबल्या.

"जमादारसाहेब, एक इचारू?"

"इचारा की बाई."

"आरोपीला कागदं मिळत्यात ना? म्हंजे त्याच्यावर काय काय आळ हाय, त्ये त्याला कळावं म्हनून?"

हरिबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मिळत्यात. कायदाच हाय तसा. समद्या कागदांची नक्कल फुकट द्यावी लागती."

"समद्या?"

"समद्या."

"सीलबंद पाकिटातलं पन?"

"ते तर पुराव्याचं मेन कागद हाय. ते तर द्यावंच लागंल."

बाईंनी सूप खाली ठेवलं. हात पदराला पुसले.

"मंग लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "शेठजीला मीच मारला."

बाईंनी बिभीषणरावांकडे पाहिलं. त्यांना त्या माणसाची कीव आली, माया आली आणि थोडा रागही आला. एवढ्या वर्षांत आपल्याला काय हवं असतं हे त्याला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं, आणि आता तो रडकुंडीला आला होता.

"आवं, घाबरता कावून?" त्या हळू म्हणाल्या. "एकच परकरण राह्यलंय."

कबुलीजबाबाची बातमी गावात पसरली तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. ठराव खरा ठरला होता. भैय्यांनी बाईंच्या निर्भीडपणाचं कौतुक करणारा फ्लेक्स लावला, त्यात स्वतःचा फोटो मोठा होता आणि बाईंचा नव्हता. रीतसर अर्ज, रीतसर मंजुरी आणि रीतसर विलंब होऊन एके दुपारी हरिबांनी ते पाकीट बाईंच्या हातावर ठेवलं आणि पोच घेतली.

बाईंनी लगेच फोडलं नाही. आधी जुना रंग पुसला. हुरडा संपून ऊन चढलं होतं, म्हणून फिका गुलाबी काढला. ओट्यावर सावली आली होती. बोटं रंगवून झाल्यावर त्यांनी बिभीषणरावांना हाक मारली आणि पाकीट फोडायला सांगितलं. बिभीषणरावांनी लाख फोडली, पानं मांडीवर उलगडून दिली, मग कोणी न सांगता आत जाऊन चहा टाकला.

बाई वाचत होत्या. पान संपलं की लाटण्यानं उलटत होत्या. त्यांचा अंदाज मेहुणीवर होता, पहिल्यापासून. शेवटच्या पानाच्या मधोमध त्या थांबल्या, ती ओळ पुन्हा वाचली आणि एकदम मोठ्यानं हसल्या. अंदाज पार चुकला होता. इतका चुकला होता की त्यांना डोळे पुसावेसे वाटले, पण नखं ओली होती, त्यामुळे पाणी तसंच गालावरून वाहू दिलं. इतक्या दिवसांत त्या अशा हसल्या नव्हत्या. पारावर बसलेल्या माणसांनी ते हसणं ऐकलं आणि तिथं सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की खुनी कोण, हे गावात आता फक्त एका माणसाला ठाऊक आहे.

पहिला बजरंग आला. काकू, आचारी तर नव्हता ना, तेवढं सांगा. मग महाराज आले, सहज या बाजूला आलो होतो म्हणाले. राधाकिशन आला. बाईंनी प्रत्येकाला पानं पुढे केली.

"हे घ्या. इथं बसून वाचा. चार पानं हायेत."

"आवं, वाचायला येळ कुनाला हाय?" राधाकिशन म्हणाला. "तुमी नुसतं नाव सांगा की."

"न्हाई सांगनार."

शेवटी रविराजभैय्या स्वतः आले. ओट्याच्या पायरीवर बसले. इतक्या खाली बसलेले भैय्या गावानं कधी पाहिले नव्हते.

"काकू, माझी झोप उडालीय. पुतण्या हाय का, एवढं सांगा. हाय तर हाय म्हना, मी काई वाईट वाटून घेनार न्हाई. तुमी नाव सांगा, मी केस माघारी घ्यायला लावतो. वर बोलतो. आजच."

बाईंनी बोटांवर फुंकर मारली.

"केस राहू द्या, भैय्या," त्या म्हणाल्या. "मी नाव न्हाई सांगनार."

केस राहिली. गेवराईला तारखा पडत राहिल्या. तारखेला बाई सकाळच्या जीपनं जातात, कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसतात आणि पुकारा होईपर्यंत नवं पुस्तक वाचतात. आरोपीला तिथं कोणी चहा करायला सांगत नाही. कधी बिभीषणराव बरोबर असतात. परवा त्यांनी शेजारच्या पक्षकाराला, शहाणपणानं मान हलवत, पहिल्या प्रकरणात जो फार गोड बोलतो त्याच्यावर नजर ठेवावी, असा सल्ला दिला.

एका बाईनं न केलेला खून कबूल केला. गावानं तो ठरावानं तिच्या नावावर केला. जमादारानं तो लिहून घेतला, वरच्यांनी तो मंजूर केला आणि पुढची तारीख अजून यायची आहे. हा सगळा तपशील मी पुष्कळांना सांगितला. ती सुटेल का, तिला वकील आहे का, कलमाच्या मोकळ्या जागेत काय भरलं, हे आजवर एकानंही विचारलं नाही. सगळे शेवटपर्यंत नीट ऐकतात, पुढे सरकून बसतात आणि आवाज खाली आणून एकच विचारतात.

तुम्हीही तेच विचारणार होता. बाईंच्या ओट्याखाली चपला काढा आणि रांगेत जमादारांच्या मागे उभे राहा.